‘हाय रिस्क’ आला, म्हणजे नेमके काय आले?

गर्भारपणाचा तिसरा महिना संपत आला की छत्रपती संभाजीनगरच्या अनेक खासगी प्रसूतिगृहांत दोन तपासण्या सांगितल्या जातात. एक एनटी स्कॅन, दुसरी डबल मार्कर. जालना, बीड, परभणीहून इथे दाखवायला येणाऱ्या जोडप्यांच्या फाइलमध्येही आता हे दोन कागद दिसतात. बहुतेकींचा अहवाल ‘लो रिस्क’ येतो आणि फाइलीत पडून राहतो. काही जणींच्या कागदावर मात्र ठळक अक्षरांत ‘हाय रिस्क’ छापलेले असते आणि शेजारी 1:180 असा काहीतरी आकडा. तिथून घरात दोन सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, बाळात दोष आहे, लवकर मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, असल्या तपासण्या पैसे काढायला असतात, कागद बाजूला ठेवा. सल्ले परस्परविरोधी असले तरी दोघांची समजूत एकच आहे: अहवाल म्हणजे निकाल, तो मानायचा किंवा फेटाळायचा. ही समजूतच चुकीची आहे. डबल मार्कर ही चाळणी आहे. तिचा अहवाल फक्त एवढेच सांगतो की आणखी नीट पाहायला हवे, आणि ते नीट पाहायला पुरेसे आठवडे हातात असतात. म्हणून या काळातल्या चिंतेवर खरा उतारा कोरड्या धीरात नाही, पायऱ्या क्रमाने चढण्यात आहे.

आधी या तपासण्या काय मोजतात ते पाहू. गर्भ 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस या वयाचा, म्हणजे डोक्यापासून बुडापर्यंत 45 ते 84 मिलिमीटर लांबीचा असताना त्याच्या मानेमागे त्वचेखाली थोडा द्रव साठलेला सोनोग्राफीत दिसतो. त्या थराची जाडी म्हणजे एनटी. डाउन सिंड्रोम हा गुणसूत्रांचा दोष असलेल्या अनेक गर्भांत ही जाडी वाढलेली असते, हे लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील किप्रोस निकोलायडीस आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडले. डबल मार्करमध्ये आईच्या रक्तातली, वारेकडून येणारी दोन द्रव्ये मोजतात: पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी. डाउन सिंड्रोमच्या गर्भारपणात सरासरीने पहिले निम्म्याच्या आसपास उतरते आणि दुसरे दुपटीच्या आसपास चढते. मात्र ही सरासरी आहे. कित्येक निरोगी गर्भारपणांतही आकडे असेच वरखाली असतात. म्हणून संगणक आईच्या वयानुसार असलेला मूळ धोका घेतो आणि या मोजमापांप्रमाणे तो वाढवतो किंवा घटवतो. डाउन सिंड्रोमचे बाळ जन्मण्याचा मूळ धोका विशीत साधारण दीड हजारात एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक असतो. कागदावर छापलेला शेवटचा आकडा हा या गणिताचा अंदाज असतो. बाळाच्या एकाही पेशीची तपासणी तोवर झालेली नसते.

आता तो आकडा वाचू. 1:180 म्हणजे असाच अहवाल आलेल्या 180 बायकांपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल आणि 179 जणींच्या बाळांना तो नसेल. टक्क्यांत सांगायचे तर अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. आपल्याकडे अनेक प्रयोगशाळा 1:250 ही सीमा धरतात. तिच्या अलीकडे ‘हाय’, पलीकडे ‘लो’. पण 1:245 आणि 1:255 यांच्यात बाळाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. कोणाला पुढे तपासायचे हे ठरवण्यासाठी कुठेतरी रेघ ओढावी लागते, म्हणून ती ओढलेली आहे. चाळण जाणूनबुजून बारीक ठेवलेली असते. समजा 10,000 गर्भवतींची एनटी आणि डबल मार्कर ही जोडतपासणी केली आणि त्यांच्यातल्या 20 जणींच्या गर्भाला खरोखर डाउन सिंड्रोम आहे. ही जोडतपासणी शंभरातले 85 ते 90 असे गर्भ पकडते, म्हणजे वीसपैकी साधारण 18 सापडतील. त्याच वेळी निरोगी गर्भ असलेल्या शंभरातल्या पाच जणींनाही ती ‘हाय रिस्क’ म्हणते, म्हणजे जवळपास 500 जणींना. एकूण 518 जणी घाबरतील आणि त्यांतल्या पाचशेंचे घाबरणे बाळात तो दोष नसताना असेल. धान्य चाळताना चाळणीवर खड्यांबरोबर टपोरे दाणेही राहतात, म्हणून कोणी चाळणीवरचे सगळे उकिरड्यावर टाकत नाही. ते हाताने निवडून घेतात. इथेही निवडण्याचे काम पुढच्या तपासणीचे आहे. याच हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी: वीसपैकी दोन गर्भ चाळणीतून निसटले, म्हणून ‘लो रिस्क’ हीसुद्धा हमी नसते.

हे गणित अवघड जाते यात कोणाला कमीपणा वाटायला नको. 2006 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डाउन सिंड्रोमच्या चाळणी तपासणीचे आकडे देऊन, अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आल्यास बाळाला खरोखर दोष असण्याची शक्यता किती, असा प्रश्न गर्भवती, त्यांच्यासोबत आलेली माणसे, सुईणी आणि प्रसूतितज्ज्ञ यांना विचारला होता. 86 टक्के उत्तरे चुकली. प्रसूतितज्ज्ञांतही बरोबर उत्तर देणारे निम्म्याहून कमी होते. म्हणून ‘हाय रिस्क आहे’ एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नये. ‘किती जणींत एक?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा आणि उत्तर माणसांच्या संख्येत मागावे. 1:200 आणि 1:5 हे दोन्ही अहवाल ‘हाय रिस्क’ याच शिक्क्याखाली येतात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तुलनेसाठी सांगायचे तर नवराबायको दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. खरा मोठा धोका असा दिसतो.

आकड्याचा आणखी एक कच्चा दुवा म्हणजे तारीख. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात पॅप-ए दिवसागणिक वाढत जाते आणि फ्री बीटा एचसीजी उतरत जाते. समजा पाळीची तारीख चुकीची सांगितली गेली आणि गर्भ कागदावर तेरा आठवड्यांचा, प्रत्यक्षात बाराचा आहे. मग त्याची पॅप-ए वयाच्या मानाने कमी आणि एचसीजी जास्त भरते. नेमके हेच चित्र डाउन सिंड्रोममध्ये दिसते. निरोगी गर्भ केवळ तारखेच्या घोळामुळे ‘हाय रिस्क’ ठरतो तो असा. पाळी अनियमित असणे, अंगावर दूध पाजत असताना दिवस जाणे, ऊसतोडीच्या हंगामात तारीख लक्षात न राहणे हे मराठवाड्यात नेहमीचेच आहे. म्हणून गर्भाचे वय सोनोग्राफीतल्या लांबीवरून धरले आहे ना, हे पाहणे ही पहिली पायरी. आईचे वजन जास्त असेल तर तिच्या रक्तात ही द्रव्ये विरळ होतात. मधुमेह, आयव्हीएफ, जुळे यांनीही आकडे बदलतात. वजन, वय, जन्मतारीख यांपैकी काही फॉर्मवर चुकीचे भरले असेल तर रक्त पुन्हा न काढताही त्याच मोजमापांवर हिशेब नव्याने करून मिळतो. हे सगळे तपासायला एक फोन आणि एक दिवस पुरतो.

मात्र ‘हाय रिस्क म्हणजे काही नाही’ असे म्हणणे ही उलट बाजूची चूक ठरेल. विशेषतः एनटी स्वतःच जाड असेल तर विषय फक्त डाउन सिंड्रोमपुरता राहत नाही. 3.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त जाडी असेल तर इतर गुणसूत्रदोष आणि हृदयाचे दोष यांचीही शक्यता वाढते. निकोलायडीस यांच्या लंडनच्या गटाने पुढे केलेल्या अभ्यासातून चढती पायरी स्पष्ट दिसते. एनटी किंचित वाढलेली, पण 3.5 च्या आत असेल तर साधारण 93 टक्के बाळे मोठ्या दोषाविना जन्मतात. 3.5 ते 4.4 मध्ये हे प्रमाण 70 टक्क्यांवर येते आणि 6.5 च्या वर 15 टक्क्यांवर. म्हणून जाड एनटीच्या बाबतीत रक्ताच्या आणखी चाळण्या लावत बसण्यापेक्षा थेट निदानाची तपासणी आणि पुढे बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी हा मार्ग शहाणपणाचा. म्हणजे काळजी किती करायची हेसुद्धा अहवालाच्या आतले आकडे सांगतात, वरचा शिक्का सांगत नाही.

चाळणी आणि निदान यांच्या मधल्या पायरीवर आज एनआयपीटी ही आईच्या रक्ताची तपासणी आहे. आईच्या रक्तात गर्भाचे डीएनए तुकडे फिरत असतात, हे डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवले. 2011 पासून त्यावर आधारलेली तपासणी बाजारात आली. डाउन सिंड्रोमचे शंभरातले सुमारे 99 गर्भ ती पकडते आणि फार थोड्या जणींना विनाकारण घाबरवते. त्यामुळे ती शंभर टक्के खात्रीची आहे, असा समज झाला आहे. तो खरा नाही. समजा मूळ धोका हजारात एक असलेल्या एक लाख तरुण गर्भवतींची ही तपासणी केली. शंभर बाधित गर्भांपैकी 99 सापडतील. उरलेल्या 99,900 मध्ये हजारी एक चूक धरली तरी शंभर निरोगी गर्भ ‘पॉझिटिव्ह’ येतील. म्हणजे अहवाल खरा असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास. आई जितकी तरुण, तितके हे प्रमाण खाली. शिवाय हे डीएनए वारेतून येते, आणि क्वचित वारेत असलेला दोष बाळात नसतो. एनआयपीटी निगेटिव्ह आली तर मोठा दिलासा मिळतो; पॉझिटिव्ह आली तर एवढ्यावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये, हा जगभरच्या तज्ज्ञ संघटनांचा नियम आहे.

निदान होते ते बाळाकडून आलेल्या पेशी तपासून. अकराव्या आठवड्यानंतर वारेचा अगदी लहान तुकडा घेता येतो, आणि पंधरा-सोळा आठवड्यांनंतर सुईने गर्भाभोवतीचे पाणी काढता येते. या सुईची धास्ती फार आहे. ‘पाणी काढले की पोट पडते’ हे घरोघरी ऐकू येते. पूर्वी हा धोका शंभरात एक सांगत. अलीकडच्या मोठ्या विश्लेषणांत सरावलेल्या हातांनी केल्यास तो हजारात एक ते तीन इतका उतरलेला दिसतो. सुईच्या भीतीमागे आपल्या राज्याचा एक इतिहासही आहे. ही तपासणी भारतात 1970 च्या दशकात आजार ओळखायला आली आणि लवकरच मुलगी ओळखायला वापरली गेली. तिच्यावर निर्बंध घालणारा पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला; देशाचा कायदा 1994 मध्ये झाला. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे 807 मुली होत्या, आणि पुढच्याच वर्षी त्याच जिल्ह्यातल्या परळीचे बेकायदा गर्भपाताचे प्रकरण देशभर गाजले. त्यामुळे गर्भाची कुठलीही तपासणी म्हणजे काहीतरी बेकायदा, अशी शंका इथे मनात येते. पण लिंग सांगायला बंदी घालणारा तोच कायदा गुणसूत्रांचे दोष, थॅलेसेमियासारखे रक्ताचे आजार आणि जन्मजात व्यंगे शोधण्यासाठी गर्भतपासणीला परवानगी देतो. इतकेच नाही, तपासणीचे सारे दुष्परिणाम समजावून बाईला कळणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी आणि तिची प्रत तिला द्यावी, असे बंधनही घालतो. मराठीत समजावून मागणे हा तिचा हक्क आहे.

आता वेळेचा हिशेब करू. बाराव्या आठवड्यात चाळणी झाली. तेराव्यात तारखा आणि आकडे पडताळले. एनआयपीटी केल्यास अहवालाला आठवडा-दहा दिवस. सोळाव्या आठवड्यात पाण्याची तपासणी. मुख्य दोषांबद्दलचे जलद उत्तर काही दिवसांत, गुणसूत्रांचा संपूर्ण नकाशा दोन-तीन आठवड्यांत. म्हणजे विसाव्या आठवड्याच्या आत चित्र स्पष्ट होते. कायदाही पूर्वीपेक्षा मोकळा झाला आहे. 2008 मध्ये मुंबईच्या एका दांपत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासोबत उच्च न्यायालयात धाव घेतली होती. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष होता, पण तेव्हाची वीस आठवड्यांची मर्यादा उलटलेली असल्याने परवानगी मिळाली नाही. त्या खटल्यापासून पेटलेल्या चर्चेनंतर 2021 मध्ये कायदा बदलला. गर्भात गंभीर व्यंग असेल तर दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने गर्भपात करता येतो. अर्ज आल्यावर तीन दिवसांत मंडळाने मत द्यायचे असते. संमती फक्त त्या सज्ञान बाईची लागते, नवऱ्याची सही कायद्याला नको असते. हे सगळे सांगायचे ते गर्भपाताकडे ढकलण्यासाठी नव्हे. ‘आताच ठरवा, नाहीतर उशीर होईल’ हे दडपण तेराव्या आठवड्यात निराधार असते, एवढे कळावे म्हणून.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: शंभरातल्या पाच जणींना विनाकारण घाबरवणारी तपासणी करायचीच कशाला? आक्षेपात तथ्य आहे. खोट्या धोक्याच्या अहवालाने चिंता तीव्रपणे वाढते आणि पुढची तपासणी चांगली आली तरी काहींच्या मनात ती रेंगाळते, असे अभ्यास सांगतात. पण चिंतेचा मोठा वाटा अनपेक्षित धक्क्याचा असतो. रक्त काढण्याआधीच ‘शंभरात पाच जणींना पुन्हा बोलावले जाते, बहुतेकींचे बाळ ठीक असते’ हे वाक्य सांगितले, तर तोच कागद वेगळा वाचला जातो. आणि बाळ कसेही असले तरी आम्ही वाढवणार, असे ज्यांचे पक्के आहे त्यांनी चाळणी नाकारली तर तीही विचारपूर्वक केलेली निवड आहे. तपासणी ऐच्छिक आहे, ही गोष्ट दवाखान्यात क्वचितच उच्चारली जाते.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि अंतराचा आहे, आणि तो सर्वांत जड आहे. एनआयपीटीचा खर्च बहुधा दहा हजारांच्या पुढे जातो. नमुना अनेकदा बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो. दर महिन्याच्या 9 तारखेचे सरकारी मातृत्व अभियान दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी आहे, चाळणीचे आठवडे त्याआधीच निघून जातात. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयावर अनेक जिल्ह्यांच्या अवघड बाळंतपणांचा भार आहे. तिथल्या डॉक्टरांनी प्रत्येकीला अर्धा तास गणित समजवावे, ही अपेक्षा सहज पुरी होणारी नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘मग क्रम सोडा’ असा होत नाही. तारखा पडताळणे फुकट आहे. दोनदा सोनोग्राफी आणि दोन रक्ततपासण्या करून पुन्हा अनिश्चितच राहण्यापेक्षा, आकडा 1:50 च्या अलीकडे असेल किंवा एनटी जाड असेल तर थेट निदानाच्या तपासणीला जाणे स्वस्त आणि निर्णायक ठरते. पैसे कमी असतील तेव्हा तर पायऱ्यांचा क्रम जास्तच जपावा लागतो.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. ही सारी यंत्रणा डाउन सिंड्रोम असलेली माणसे जन्मूच नयेत यासाठी तर नाही ना? चाळणी, निदान, गर्भपात हे एकच वाक्य असल्यासारखे बोलले गेले तर ती तशीच होऊन बसते. म्हणून निदान झाल्यावरही आईबापांना दोन्ही वाटांची खरी माहिती मिळायला हवी. या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना हृदयदोष असतो आणि त्यातल्या बहुतेकांवर शस्त्रक्रिया होऊ शकते. शिकण्याचा वेग कमी असतो, पण किती कमी हे गर्भात सांगता येत नाही. चांगल्या उपचारांच्या देशांत सरासरी आयुष्य साठीपर्यंत पोहोचले आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या मुलांची तपासणी आणि लवकर उपचार समाविष्ट आहेत. त्याचबरोबर आयुष्यभराच्या सांभाळाचा भार आपल्याकडे बहुतांशी आईवरच पडतो, हेही तितकेच खरे. दोन्ही बाजू मांडून निर्णय तिच्यावर सोडणे यालाच समुपदेशन म्हणतात.

राहतो दोषाचा प्रश्न. असा अहवाल आला की बोट पहिल्यांदा सुनेकडे वळते: ग्रहणात काही चिरले का, पपई खाल्ली का, दगदग केली का. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र जास्तीचे असते, हे फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये दाखवले. बहुतेक वेळा ही चूक स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू तयार होताना, म्हणजे गर्भ राहण्याआधीच घडते. शंभरातल्या साधारण एका प्रकरणात आईबापांपैकी एकाच्या गुणसूत्रांची रचना कारण असते आणि ती रक्ताने तपासता येते. गर्भारपणात केलेल्या कुठल्याही कामाने किंवा खाण्याने ते जास्तीचे गुणसूत्र येत नाही. या काळात बाईला सर्वांत जास्त छळते ते हे अपराधीपण, आणि ते पूर्णपणे निराधार आहे.

म्हणून ज्यांच्या हातात असा कागद पडला आहे त्यांनी पाच गोष्टी विचाराव्यात: किती जणींत एक? गर्भाचे वय कशावरून धरले? एनटी किती मिलिमीटर? पुढची तपासणी चाळणी आहे की निदान? तिचा अहवाल कोणत्या आठवड्यात हाती येईल? या पाचांची उत्तरे मिळेपर्यंत गर्भाबद्दल कोणताही निर्णय घेऊ नये आणि कोणाला घेऊही देऊ नये. आणि डॉक्टरांना एक विनंती: रक्त काढण्याआधी दोन मिनिटे बोला, अहवालावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा की ही चाळणी आहे, निदान नाही. एवढ्याने निम्मी भीती दवाखान्याच्या दारातच कमी होईल.